ढेरी उतरवणाऱ्या डब्यातला खोटा टेप

पोट कमी करायच्या औषधापायी आमच्या घरातून 42,600 रुपये गेले. कापसाचा चुकारा आला होता, त्यातले. आमच्या यांना विचारूनच हे लिहिते आहे. गावाचं नाव सांगत नाही, यवतमाळ जिल्ह्यातलं आर्णीकडचं एक खेडं एवढं पुरे. लिहायचं कारण असं, की फोनवरून हे औषध गळ्यात मारणाऱ्यांनीच आमच्या पंचक्रोशीत आणखी दोन घरं धरली, आणि आमच्यासारखंच त्या दोन्ही घरांतही माणसाने नुकतीच दारू सोडली होती.

हा योगायोग नाही. पिणाऱ्याच्या खिशात पैसा टिकत नाही, त्याला फसवून मिळणार काय? सोडणाऱ्याच्या घरात मात्र बऱ्याच वर्षांनी चार पैसे शिल्लक पडतात. ते कुठे पडतात यावर या लोकांची नजर असते.

आमच्या भागात दारूची वाण कधीच नव्हती. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, चंद्रपूरलाही 2015 पासून 2021 पर्यंत बंदी होती, आणि या दोन्हींना लागून आमचा यवतमाळ मोकळा. यांचा संध्याकाळचा एक पव्वा होता, त्याचे पुढे दोन झाले. सोडली ती मात्र नीट सोडली, सरकारी दवाखान्यात भरती होऊन. (रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एका दिवसात बंद करू नये. हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटकेही येऊ शकतात. तेवढे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत.) पोळ्याच्या आधी सुटली, ती आजवर सुटलेलीच आहे.

पण पोट तसंच राहिलं. चेहऱ्याची सूज उतरली, डोळे स्वच्छ झाले, भूक लागायला लागली, आणि ढेरी जिथल्या तिथे. पानठेल्यावर बसलं की कोणीतरी हमखास म्हणायचं, "भाऊ, सोडली म्हणता, मंग हे पोट काहून नाही उतरून रायलं?" म्हणजे चोरून पितोच, असा त्याचा अर्थ. हे हसून घालवायचे, पण घरी आल्यावर जेवायचे नाहीत. लग्नाकार्याला शर्ट बाहेर सोडून जायला लागले. दारू सोडल्याचा पुरावा माणूस दाखवणार तरी कुठे? आमच्याकडे तो पुरावा पोटावर येऊन ठेपला होता.

मोबाईलवर जाहिरात आली ती नेमकी त्याच दिवसांत. "दारू सोडलेल्यांसाठी खास. लिव्हर साफ, पोट आत, 30 दिवसांत." यांनी नंबर भरला आणि पंधरा मिनिटांत फोन वाजला. बोलणारी स्वतःला डॉक्टर म्हणवत होती. किती वर्षं घेत होता, सोडून किती झालं, घरी कोण कोण, शेती किती, ओलीत की कोरडवाहू, सगळं विचारलं. ओलिताचा आणि पोटाचा काय संबंध, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण त्याआधी ती एक वाक्य बोलून गेली होती: "सर, दारू सोडल्याबद्दल मनापासून अभिनंदन." गावात कोणीच केलं नव्हतं ते. पुढे ती जे सांगेल ते ऐकायची तयारी त्या एका वाक्याने झाली.

पहिलं पार्सल 2,600 रुपयांचं, पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे होते. आत भुकटीचा डबा, तेलाची बाटली आणि पिवळा कापडी टेप. डब्यावर हिरव्या पानांचं चित्र, खाली "पोठाची चरबि विरघळवते" असं अशुद्ध मराठी. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही. भुकटी नाकाशी धरली तर सोनामुखीचा वास. माझी आई पोट साफ व्हायला सोनामुखी द्यायची, तो वास मी विसरणार नाही. मी तसं म्हटलंही. हे म्हणाले, "आयुर्वेदिकच आहे ना, मंग?"

आठ दिवसांत रेशन दुकानातल्या काट्यावर वजन तीन किलोंनी कमी भरलं. इथे सगळे फसतात, म्हणून नीट सांगते. काटा खोटा नव्हता, तीन किलो खरंच गेले होते. दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जाणाऱ्या माणसाचं वजन कमी होणारच. पण गेलं ते पाणी, चरबी नव्हे, आणि जुलाब थांबून पाणी भरून निघालं की वजन परत जागेवर येतं. डॉक्टरणीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून वजन परत वाढायच्या आधीच तिचा फोन आला, "सर, शरीर उत्तम साथ देतंय, आता दुसरा टप्पा." 9,500 रुपये.

दुसऱ्या पार्सलमध्ये नवा टेप होता. जुना फेकून द्या, घाम लागून तो ताणतो, असं तिने फोनवर बजावून सांगितलं. यांनी तो इमानदारीने चुलीत टाकला. नव्या टेपने मोजलं तर एक्केचाळीसचं पोट अडतीसवर. पानठेल्यावर आकडा सांगून आले. पोराला फोन करून सांगितला. घरात इतकं हसणं किती दिवसांनी ऐकलं, आता मी काय बोलणार?

मग तिने पोटाचा फोटो मागवला, आडवा आणि उभा. तासाभरात शिक्का मारलेला "रिपोर्ट" मोबाईलवर हजर: लिव्हरमध्ये जुन्या दारूची चरबी अडकली आहे, तातडीने कोर्स केला नाही तर कॅन्सरचा धोका. फोटो बघून लिव्हरच्या आतलं सांगणारा डॉक्टर या जगात नाही. पण भीती दारूची होती आणि ती खरी होती. गावातली दोन माणसं लिव्हरनेच गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. 18,500 रुपये यूपीआयने गेले. मला हे मागाहून कळलं.

मेअखेरच्या कडक उन्हाचा नवतपा लागला होता. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवायचा म्हणून हे सकाळी शेतात गेले. पोटात नव्या कोर्सची भुकटी, वरून ते ऊन. अकराच्या सुमारास शेजारचा शेतकरी धावत आला, "वयनी, भाऊ धुऱ्यावर बसले हायेत, उठता नाही येऊन रायलं." पोटऱ्यांत गोळे, जीभ कोरडी, डोळ्यांपुढे अंधारी. काळी-पिवळीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाईन लावलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी डबा आणायला सांगितला. उघडून पाहिला, झाकण लावलं आणि बाजूला ठेवला. मग यांना पाठीवर निजवून पोटावर बोटाने टकटक केलं, कुशीवर वळवून परत टकटक. आवाज कुठे भरीव येतो, कुठे पोकळ, आणि कूस बदलली की भरीव आवाजाची जागा सरकते का, हे ते ऐकत होते. मला म्हणाले, "बाई, दारू पिणाऱ्याचं पोट पुढे आलं म्हणजे ती चरबीच असते असं नाही. लिव्हर खराब झालं की पोटात पाणी भरतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." हातपाय रोडावत जाऊन पोट वाढतंय, पायावर बोट दाबलं की खळगा पडतोय, डोळे पिवळे होतायत, असं काही असलं तर एक दिवस न थांबता दवाखाना गाठावा. अशा माणसाला जुलाबाची भुकटी दिली तर काय होईल, हे ऐकूनच मी भिंतीला टेकले.

यांच्या पोटात पाणी निघालं नाही. यवतमाळला सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी झाली. लिव्हरवर चरबी आहे, पण दारू बंद राहिली तर ती बऱ्यापैकी उतरते, असं सांगितलं.

मग पोट का उतरलं नाही? त्याचा हिशेब डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीमागेच करून दाखवला. 180 मिलीच्या पव्व्यात साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे चारशेच्या वर. चारेक पोळ्या झाल्या. शिवाय दारू पोटात असेपर्यंत शरीर आधी तिलाच जाळतं, चरबी जाळायचं काम मागे पडतं. "आता चहा किती पिता?" हे म्हणाले, सात-आठ. "साखर?" दोन-तीन चमचे. वीस चमचे साखर, चमच्याला वीसेक कॅलरी. एक पव्वा परत पोटात! दारू सुटली की जीभ गोड मागते, हे पुष्कळांचं होतं. आमच्या घरी तर बाजाराच्या दिवशी पाव किलो जिलेबी यायला लागली होती आणि मीच आनंदाने वाढत होते, दारूपेक्षा बरी म्हणून. तेल चोळून फक्त पोटावरची चरबी जात नाही, घामाचा पट्टा बांधूनही नाही, ती सगळ्या अंगाची हळूहळू जाते आणि पोटावरची बऱ्याचदा शेवटी, हे त्यांनी यांना दोनदा सांगितलं. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत असावा, म्हणजे साडेपस्तीस इंच.

त्या आकड्यावरून टेप उघडा पडला. मी शिलाईचं काम करते, घरी आल्यावर माझ्या टेपने मोजलं. एक्केचाळीस. परत मोजलं, तेच. मग दोन्ही टेप मशीनच्या फळीवर शेजारी-शेजारी ताणून धरले. सुरुवातीला काही कळत नाही, पहिल्या पाच इंचांत फरक अर्ध्या इंचाहून कमी. जसजसं पुढे जावं तसा वाढत जातो, आणि त्यांचा अडतीसचा आकडा माझ्या एक्केचाळीसवर येऊन बसतो. प्रत्येक इंच थोडा थोडा लांब छापलेला. औषध कोणीही खोटं करेल, पण टेप खोटा छापून घेणाऱ्याने किती पुढचा विचार केला असेल! म्हणूनच जुना टेप फेकून द्यायला लावला होता.

मी त्या नंबरवर फोन करून चार शब्द सुनावले. दोन दिवसांनी "रिफंड विभागा"तून यांना फोन: तुमची तक्रार मान्य झाली, सगळे पैसे परत मिळतील, फक्त 12,000 अनामत भरा, तीही परत येईल, हा क्यूआर स्कॅन करा. मी गटाच्या बैठकीला गेले होते. पैसे येतायत असं समजून यांनी पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

त्याच संध्याकाळी पोराने 1930 वर तक्रार नोंदवायला लावली. त्या 12,000 पैकी 7,000 समोरच्या खात्यात गोठवले गेले, हातात अजून आलेले नाहीत. आधीच्या रकमांचा माग लागला नाही, कारण फार दिवस उलटले होते. 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर आहे आणि पहिल्या काही तासांत फोन केला तरच त्याचा खरा उपयोग. डबा, दुसरा टेप, पार्सलची पावती, मेसेज यातलं काहीच फेकलं नाही म्हणून पोलिसांत अर्ज तरी देता आला. औषधाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, 1800-222-365. ग्राहक म्हणून 1915.

गटाच्या बैठकीला आलेल्या वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं. औषधांच्या जाहिरातींवर 1954 चा केंद्राचा कायदा आहे, आणि ज्या आजारांवर इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तेव्हा "पोट विरघळवतो" म्हणणारी जाहिरात दिसली की औषध कसं आहे हे बघायच्या आधीच तिथे काहीतरी गडबड आहे हे धरून चालावं.

बायकांसाठी वेगळं सांगायचं राहिलं. हेच लोक दुसरी भुकटीही विकतात, नवऱ्याला न सांगता जेवणात मिसळायची, दारू सोडवणारी. मलाही दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. अशा भुकटीत काय असतं याचा भरवसा नाही. दारूची घृणा आणणारी खरी गोळी असते, पण ती डॉक्टर तपासून, माणसाला सांगून देतात. ती पोटात असताना त्याने नकळत दारू प्यायली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. गुपचूप काही कालवू नका.

आता यांच्या चहात अर्धा चमचा साखर, तीही कुरकुर करत. सकाळी डांबरी रस्त्याने पुलापर्यंत चालून येतात, संध्याकाळी भाकर एक कमी आणि अंबाडीची भाजी जास्त. माझ्या टेपने पोट साडेअडतीस झालंय. पानठेल्यावरची माणसं अजून विचारतातच. त्या नंबरांवरून फोन अजून येतात, आवाज तोच, नाव वेगळं. सध्या गुडघ्याचं तेल विकते आहे.