नाकाच्या सर्जरीला ११ महिने झाले, आता लिहिते

मागच्या डिसेंबरात ऱ्हायनोप्लास्टी केली. मुद्दाम इतकी थांबली, कारण आपल्यासारख्या जाड कातडीच्या नाकाचं पहिल्या ३-४ महिन्यांत काही समजतच नाही, सूज उतरत राहते आणि शेंड्याची सगळ्यात शेवटी उतरते.

माझा त्रास दोन प्रकारचा होता, आतला पडदा वाकडा म्हणून एका बाजूनं श्वास कोंडायचा, आणि वर मोठा उंचवटा, हसलं की शेंडा खाली ओढला जायचा. आधी जिथे दाखवलं तिथे त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या फोटोला एक बारीक, वर उचललेलं नाक लावून दाखवलं. नाक छानच होतं हो, पण ते माझ्या गालांचं, माझ्या ओठांचं नव्हतं. आई बाजूला बसली होती, ती एवढंच म्हणाली, "ही कोण आहे?" मी तिथून उठली.

मग नागपुरातच धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी माझ्या शेंड्याची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि पुढच्या वेळी आईबाबांचे फोटो घेऊन यायला सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की आतलं कार्टिलेज (लवचिक मऊ हाड) नुसतं कापून छोटं केलं तर जाड कातडी त्याच्यावर आवळून बसत नाही, शेंडा गोल गोळ्यासारखा दिसतो, म्हणून कापायचं कमी आणि आतून आधार द्यायचा जास्त. माझ्या पडद्यातलंच कार्टिलेज काढून तो आधार केला (ते कमी पडलं तर कानाचं किंवा बरगडीचं घेतात). उंचवटा पूर्ण सपाट केला नाही, थोडा ठेवला, बाबांचा आहे तो. आणि वरचा ओठ आणि नाक यांच्यातला कोन त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ठरवला, कारण पुस्तकातली बरीच मापं गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आलेली आहेत.

याला, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वंशाची ठेवण राखून केलेल्या सर्जरीला, एथनिक ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात, पण मला तो शब्द अपुरा वाटतो. 'इंडियन नोज' असं एक नाक नसतंच, आमच्या एका घरात चार तऱ्हेची नाकं आहेत. डॉक्टरनं जात-प्रांत बघू नये, समोरचा चेहरा बघावा, कातडी किती जाड आहे ते बघावं.

आईला हे सगळं फॉरेनचं खूळ वाटायचं. तिला मी कावसजीची गोष्ट वाचून दाखवली. तो इंग्रज फौजेचा गाडीवान, टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलं, आणि पुण्याकडे एका कारागिरानं त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवीन नाक बसवलं. १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं तिकडे तसंच ऑपरेशन केलं. आई बराच वेळ चूप बसली, मग म्हणाली, बरं, कर.

आता त्रासाचं. स्प्लिंट, म्हणजे नाकाला आधार देणारं कडक आवरण, ७ दिवस होतं, डोळ्यांखाली काळंनिळं १० दिवस. चष्मा ६ आठवडे नाकावर ठेवायचा नाही, मी तो पट्टीनं कपाळाला चिकटवून ऑफिसचं काम केलं. खरा त्रास उन्हाळ्यात झाला. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये गाडीवर स्कार्फ घट्ट बांधल्याशिवाय निघवत नाही आणि तो बरोबर नाकावरच दाबतो, संध्याकाळी शेंडा सुजून यायचा. मग स्कार्फ ढिला बांधून वरून पूर्ण काचेचं हेल्मेट घालायला लागली. दोन नाकपुड्यांच्या मधे खाली बारीक टाका असतो, आपल्या रंगाच्या कातडीवर ऊन लागलं की तो काळा पडतो, म्हणून सनस्क्रीन रोज लावलं. आता तो मलाच शोधावा लागतो.

श्वास दोन्ही बाजूंनी मोकळा आहे. शेंडा अजून थोडा बधिर आहे, सकाळी उठल्यावर जाडही वाटतो, जाड कातडीला दीड वर्षही लागू शकतं असं डॉक्टर म्हणतात.

सर्जरीआधी काढलेल्या मुरणीचं छिद्र मात्र बुजलं. महालक्ष्म्यांच्या दिवशी दाबाची नथ घातली, तीही आरतीपुरतीच, कारण दुखायला लागलं. त्या दिवशी आत्या घरी आली होती, तिला ऑपरेशनचं माहीत नव्हतं. माझी हनुवटी धरून म्हणाली, "अगदी बापावर गेली आहेस."