वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली पॅथॉलॉजी लॅब: भावाच्या 'दम्या'चं खरं कारण इथे कळलं

माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा. विडी-सिगरेटला कधी हात लावला नाही, तरी पावागडच्या दहा पायऱ्या चढला की बसायचा. दोन वर्षं दमा म्हणून पंप चालू होता. नवीन डॉक्टरांनी सीटी काढायला लावला, तर फुप्फुसांच्या खालच्या भागात एम्फिसीमा, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या खराब झालेल्या. त्यांनीच अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, म्हणजे फुप्फुसांना जपणारं रक्तातलं प्रथिन, तपासायला सांगितलं.

लॅबमध्ये गेलो तेव्हा त्याला ताप होता. पावती फाडायच्या आधीच मॅडम बाहेर आल्या. "ताई, अंगात ताप असला की हे प्रथिन वाढतं, कमतरता झाकली जाऊ शकते. बरं वाटल्यावर या." हातातलं काम परत पाठवायला धमक लागते. तीन आठवड्यांनी गेलो, तेव्हा सोबत सीआरपीही (अंगात दाह उरलाय का ते दाखवणारी तपासणी) बघितलं.

आकडा आला डेसिलिटरला 28 मिलिग्रॅम. रिपोर्टवरची मर्यादा 90 ते 200. मॅडमनी इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेनं वेगवेगळी करून दाखवणारा, आलेख पुढ्यात ठेवला. अल्ब्युमिनचा उंच सुळका, आणि शेजारी अल्फा-१ चा छोटा उंचवटा हवा तिथे जवळजवळ सपाट. 1963 मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी ही कमतरता ओळखली, ती अशाच गायब पट्ट्यावरून. मी 18 वर्षं शाळेत एन्झाइम शिकवतेय, पण त्यांना वेसण घालणारी प्रथिनंही शरीर स्वतःच बनवतं, हे त्या सपाट रेषेनं मला शिकवलं. पांढऱ्या पेशींचं इलॅस्टेज हे एन्झाइम मोकाट सुटलं की फुप्फुसाचे लवचीक धागे कुरतडतं. त्याला आवरणारं हे प्रथिन यकृतात तयार होतं. भावाचं तिथेच अडकून पडतं. म्हणून यकृताच्या तपासण्याही करून घ्या, असं मॅडमनी आवर्जून सांगितलं.

तक्रारी दोन. लॅब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाप लागणाऱ्या पेशंटचं रक्त खाली येऊन घ्यायला हवं. भाऊ जिन्यात दोनदा थांबला. शिवाय या प्रथिनाचा प्रकार ठरवणारी तपासणी बाहेरगावी जाते. सात दिवस सांगितले, रिपोर्ट तेराव्या दिवशी आला, तोही मी दोन फोन केल्यावर. बिल मात्र आधी सांगितलं तेवढंच.

प्रकार निघाला झेड-झेड, म्हणजे सदोष झेड जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेलं. आई-वडील दोघं वाहक असले, तर सख्ख्या भावंडाला हाच दोष असण्याची शक्यता चारात एक. सोमवारी माझं रक्त द्यायला तिथेच जाणार आहे.