टॉप ऑफ द पॉप्सचे जुने एपिसोड : पाहायचे तर अख्खे पाहा

आधीच सांगून टाकतो, बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या हिट गाण्यांच्या साप्ताहिक टीव्ही शोचे जुने एपिसोड पाहायचे असतील तर अख्खे पाहा, निस्त्या क्लिपा पाहून "पाहिलं बाप्पा" म्हणू नका. यूट्यूबवर क्लिपा खंडीभर आहेत, बोवी, क्वीन, ब्लाँडी, एकाहून एक, पण त्या पाहून असं वाटते की तिकडं दर आठवड्याला नुसतं सोनंच पिकत होतं. तसं काही नव्हतं भाऊ. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये एखादं गाणं जबरदस्त, दोन-तीन बरी, अन् बाकीची अशी की तेव्हा कोणी खिशातून पैसे काढून हे विकत घेतलं याचंच नवल वाटावं. मला विचाराल तर ती नवल वाटायला लावणारी गाणी हाच या शोचा खरा माल आहे.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला, मँचेस्टरमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत बीबीसीचा स्टुडिओ होता तिथून, अन् ३० जुलै २००६ ला शेवटचा साप्ताहिक एपिसोड लागला. म्हणजे ४२ वर्षं. त्यातली तीसेक वर्षं तरी गुरुवारची संध्याकाळ म्हणजे हाच शो, मग १९९६ ला शुक्रवारी टाकला, २००५ ला रविवारी बीबीसी टू वर ढकलला, अन् असं एकदा इकडून तिकडं ढकलणं सुरू झालं की समजून जायचं. नियम सोपे होते. चार्टवर, म्हणजे त्या आठवड्याच्या विक्रीच्या क्रमवारीत, वर चढणारं गाणं दाखवायचं, घसरणारं नाही, मागच्या आठवड्यात दाखवलेलं परत नाही, अपवाद फक्त एक नंबरचा, अन् तो एक नंबर सगळ्यात शेवटी.

आपल्या पिढीला हे समजवायची गरज नाही, आपण दूरदर्शनच्या सुपरहिट मुकाबल्यावर वाढलेले पोट्टे. बाबा सहगल कोणतं गाणं वर आलं कोणतं खाली गेलं सांगायचा अन् दुसऱ्या दिवशी शाळेत त्यावर भांडणं व्हायची. त्याच्याही आधी आईबाबांच्या पिढीला दर बुधवारी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला अन् अमीन सयानींचं ते "बहनों और भाइयों", १९५२ पासून. म्हणजे आकड्यावर गाणं चढवायचं वेड आपल्याकडं इंग्रजांच्या या शोच्या आधीचं आहे, हे आपलं सहज सांगून ठेवतो.

आता हा चार्ट बनायचा कसा हे माहीत असलं की एपिसोड पाहताना डबल मजा येते. तिकडं ठराविक रेकॉर्डवाल्या दुकानांना डायऱ्या दिल्या होत्या, कोणती रेकॉर्ड किती विकली ते दुकानदारानं लिहून पाठवायचं, त्यावरून नंबर लागायचे, १९८३ पासून मग गॅलप या सर्वेवाल्या कंपनीकडं काम गेलं अन् कॉम्प्युटर आले. साहजिकच कंपन्यांचे लोक त्या ठराविक दुकानांत जाऊन आपलीच रेकॉर्ड विकत घ्यायचे, असे धंदे झाले, पकडलेही गेले. पण तरी मूळ हिशोब विक्रीचा. आपण नागपूरच्या बर्डी बाजारात कॅसेटवाल्याकडं कागदावर गाणी लिहून द्यायचो अन् तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचा ना, त्या माणसाला बरोब्बर माहीत असायचं गावात काय चालून राहिलं, अन् तो जे सांगायचा ते टीव्हीवरच्या यादीशी जुळायचंच असं नाही. त्याच्या यादीत अल्ताफ राजा असायचा. टॉप ऑफ द पॉप्सच्या यादीत तिकडचे अल्ताफ राजे बिनधास्त असतात, कोणी लाजत नाही.

पुरावा पाहिजे तर १९८१ चा फेब्रुवारी लावा. अल्ट्राव्हॉक्स नावाचा बँड, व्हिएन्ना नावाचं त्यांचं गाणं, एकदम भव्य, सिंथेसायझर, व्हायोलिन, काळे कोट, आज कोणत्याही ऐंशीच्या दशकाच्या प्लेलिस्टमध्ये हे गाणं असतेच. ते तेव्हा एक नंबरला गेलंच नाही. कोणी अडवलं? जो डॉल्चे नावाच्या माणसानं, जो इटालियन लोकांच्या इंग्रजीची नक्कल करून "चूप बस" टाइपचं विनोदी गाणं म्हणून राहिला होता. तीन आठवडे हा वर अन् व्हिएन्ना त्याच्या खाली दोन नंबरवर. क्लिप पाहणाऱ्याला व्हिएन्ना दिसते. एपिसोड पाहणाऱ्याला जो डॉल्चे पण भोगावा लागते, अन् तेव्हाच समजते की लोकांना त्या आठवड्यात काय पाहिजे होतं.

त्याच्याही दोन महिने आधीचं तर अजून भारी. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये बीटल्सवाल्या जॉन लेननला गोळ्या घातल्या, सगळं ब्रिटन हळहळलं, त्याचं नवीन गाणं एक नंबरला गेलं. अन् पुढच्याच आठवड्यात त्याला खाली कोणी खेचलं तर एका शाळेतल्या लहान लहान पोरींच्या कोरसनं, आजीसारखं कोणी नाही या अर्थाचं गाणं. ख्रिसमस होता, लोकांनी आपापल्या आजीसाठी रेकॉर्डी घेतल्या, विषय संपला. कोणत्याही डॉक्युमेंटरीत हा तुकडा कापून टाकतील, कारण लेननच्या शोकात हे बसत नाही. एपिसोडमध्ये ते आहे.

गाणं म्हणजे बहुतेक वेळा ओठ हलवणं. माझी पुतणी कॉलेजात आहे, गिटार शिकते, ती दुपारी माझ्या बाजूला बसून पाहत होती अन् पाच मिनिटांत म्हणते, "काका, याच्या गिटारला वायरच नाही ना." खरंच नव्हती. गडी जीव तोडून वाजवून राहिला अन् गिटार कशालाच जोडलेलं नाही. मग आम्हाला नादच लागला, प्रत्येक बँड आला की आधी वायर शोधायची, मग ड्रमवाल्याची काठी खरंच लागते का ते पाहायचं. अन् कलाकारांनाही हे माहीत असल्यानं त्यांनी त्याची भरपूर टर उडवली आहे. १९७१ ला रॉड स्टुअर्टच्या गाण्यात मँडोलिन वाजवायला चक्क रेडिओवरचा निवेदक जॉन पील बसला आहे, त्याला वाजवता येत नाही, अन् बाकीचा बँड गाणं चालू असताना स्टेजवर फुटबॉल खेळून राहिला. १९९१ मध्ये नियम बदलला, गायकानं तरी खरं गायचं, वाद्यं टेपवर चालतील. त्यावर निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं असा सूड घेतला की अख्खं गाणं खर्जात, मेलेल्या आवाजात म्हटलं अन् गिटारवर हात नुसता वरवर फिरवला. पुतणी हसून हसून लोटपोट. मला तरी हा शोच्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक परफॉर्मन्स वाटला.

१९८२ चा एक एपिसोड तर चुकवूच नका. डेक्सीज मिडनाइट रनर्स हा बँड जॅकी विल्सन या अमेरिकन सोल गायकावरचं गाणं म्हणून राहिला, अन् मागं पडद्यावर हा मोठा फोटो लावला आहे जॉकी विल्सनचा. जॉकी म्हणजे स्कॉटलंडचा डार्ट खेळणारा, गोलमटोल, दात पडलेला. ही चूक होती की मस्करी यावर अजून लोक वाद घालतात, बँड म्हणते आम्हीच केली. फिल कॉलिन्सचं १९८१ चं पण पाहा, तो बायको सोडून गेल्याच्या दुःखात पियानोवर बसला आहे अन् पियानोवर रंगाचा डबा अन् ब्रश ठेवलेला. बायकोचं रंगकामवाल्याशी प्रकरण होतं म्हणे. तो म्हणते योगायोग. असो.

अन् प्रेक्षक! माझं तर अर्धं लक्ष तिकडंच असते. स्टुडिओत तीन-चार स्टेज, मधात पोरं-पोरी उभी, अन् एवढा मोठा कॅमेरा त्यांच्या अंगावर येते, लोक पटापट बाजूला सरकतात. नाचणारे नाचतात, पण दर एपिसोडमध्ये एखादी पोरगी असतेच जी गायकाकडं पाहतच नाही, डोक्यावरच्या टीव्हीत आपण दिसून राहिलो का तेवढंच पाहते. वर्ष कोणतंही असो, ही पोरगी आहेच.

आपल्या लोकांचा हिशोब वेगळा मांडतो, कारण इथं छाती फुगते. १९७४ ला कुंगफूवालं गाणं एक नंबरला होतं त्याचा प्रोड्युसर बंगलोरचा बिद्दू, ज्यानं पुढं १९८० ला 'कुर्बानी'साठी नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. १९९७ च्या जानेवारीत एक नंबरला व्हाइट टाउन, म्हणजे एकटा ज्योती मिश्रा, जन्म राउरकेलाचा. अन् १९९८ ला कॉर्नरशॉप या बँडचं ते आशावालं गाणं, आपल्या सांगलीच्या आशाताईंवर, त्यात लताबाई अन् रफीसाहेबांचीही नावं. ब्रिटनमध्ये रेकॉर्डी घेणाऱ्या पोरांनी आशा भोसलेंच्या नावाचं गाणं एक नंबरला नेलं. हा एपिसोड मी दादाला मुद्दाम बोलवून दाखवला, दादा म्हणाला "यात आशाबाईंचा आवाज कुठं आहे?" नाही आहे बाप्पा, नाव आहे फक्त. दादा उठून गेला.

आता तक्रारी. पहिली म्हणजे जुनं बरंचसं उरलंच नाही. तेव्हा टेप महाग, बीबीसीवाले त्यावरच दुसरं रेकॉर्ड करायचे, त्यामुळं साठच्या दशकातलं जवळजवळ सगळं गेलं. बीटल्स या शोच्या स्टुडिओत लाइव्ह आले ते एकदाच, जून १९६६ ला, अन् ती टेप पुसली. २०१९ ला त्याचा ११ सेकंदांचा तुकडा सापडला, तो पण कोणीतरी घरी टीव्हीसमोर फिल्म कॅमेरा धरून घेतलेला, आवाज नाही. बोवीचं जानेवारी १९७३ चं एक गाणं वाचलं ते एका कॅमेरामननं स्वतःसाठी कॉपी ठेवली होती म्हणून, ते २०११ ला बाहेर आलं. आपण सुपरहिट मुकाबल्याचे तुकडे शोधत बसतो अन् कोणाच्या तरी व्हीएचएसवरून निरम्याच्या जाहिरातीसकट चार मिनिटं मिळतात, तेव्हा तिकडं पण तेच रडगाणं होतं हे पाहून बरं वाटलं, वाईट अर्थानं.

दुसरी तक्रार गंभीर आहे. या शोचा पहिला निवेदक जिमी सॅव्हिल, अन् तो मेल्यावर २०१२ ला त्याचं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून बीबीसी त्याचे एपिसोड दाखवत नाही. बरोबरच आहे. पण यूट्यूबवर लोकांनी टाकलेल्यात तो मधातच येऊन उभा राहते, पोरींच्या खांद्यावर हात टाकून, अन् मग पाहवत नाही. मी असे एपिसोड बंद करतो. घरात लहान पोरं सोबत असतील तर आधी निवेदक कोण ते पाहून घ्या. बाकी निवेदकांचेही जोक बहुतेक भंगार, अन् सत्तरच्या दशकातल्या नाचणाऱ्या पोरींवर कॅमेरा ज्या पद्धतीनं फिरतो ते आज खटकतेच.

सुरुवात कुठून करायची? १९७६ पासून पुढचं जवळजवळ सगळं शाबूत आहे, म्हणून बीबीसी फोरनं २०११ ला पुनर्प्रसारण तिथूनच सुरू केलं होतं, पण १९७६ फार रटाळ, मी मधात झोपलो. १९७९ ते १९८२ घ्या, पंक रॉक संपून सिंथेसायझर येऊन राहिला, दर आठवड्याला काहीतरी विचित्र. १९८० च्या उन्हाळ्यात संगीतकारांच्या संपामुळं शो काही आठवडे बंदच होता, तिथं एपिसोड सापडत नाही म्हणून वैतागू नका. १९९१ चा जुलै ते ऑक्टोबर सोडला तरी चालेल, ब्रायन अॅडम्स सलग १६ आठवडे एक नंबरला बसला आहे अन् दर एपिसोडच्या शेवटी तेच एक गाणं.

मिळण्याचं म्हणाल तर बीबीसीचा आयप्लेअर भारतात चालत नाही. बीबीसी यूट्यूबवर टाकते त्या क्लिपा, अख्खे एपिसोड म्हणजे कोणीतरी हौशी माणसानं चढवलेले, आज आहेत उद्या कॉपीराइटमध्ये उडाले. चित्र धुरकट, आवाज मोनो. अन् हे फक्त नागपूरवाल्यांसाठी, मे महिन्यात दुपारी कूलर फुल स्पीडवर असला की सत्तरच्या दशकातला बेस ऐकूच येत नाही, हेडफोन लावा नाहीतर हे काम संध्याकाळी पंख्याखाली करा.

पाचपैकी चार. एक कापला तो निवेदकांचा. जो डॉल्चेचा नाही कापला, तो आता मला अन् पुतणीला तोंडपाठ झाला आहे अन् तिच्या आईला आम्हा दोघांचा राग येऊन राहिला.