अभिमत विद्यापीठ की बिश्केक?

नीटमध्ये सरकारी जागा हुकली की घरोघरी हाच प्रश्न येतो: इथल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठात एमबीबीएस, की किर्गिझस्तानात, म्हणजे त्याच्या राजधानीत, बिश्केकला?

पैशांचं गणित सरळ आहे. अभिमतमध्ये वर्षाची फीच अनेकदा २० लाखांच्या पुढे जाते. अभिमतच्या दीड वर्षाच्या फीत बिश्केकला बहुधा राहण्या-जेवणासकट अख्खा कोर्स होतो.

फरक परतल्यावर कळतो. इथला विद्यार्थी साडेचार वर्षं शिकतो, वर्षभर इंटर्नशिप करतो आणि डॉक्टर म्हणून नोंदणी घेतो. बाहेरून आलेल्याला एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता परीक्षा, द्यावी लागते: ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. नापास होणारेच जास्त. २०२१च्या नियमांप्रमाणे तिकडे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिवाय इथे पुन्हा इंटर्नशिप. हे सगळं १० वर्षांच्या आत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भाषेची. वर्गात इंग्रजी असली तरी वॉर्डातला पेशंट रशियन किंवा किर्गिझ बोलतो. कुठे दुखतंय, कधीपासून, हेच विचारता आलं नाही तर मुलगी खाटेजवळ नुसती उभी राहते. इथे एखादी आजी ‘छातीत धडधडतंय गं’ म्हणते आणि शिकणं तिथूनच सुरू होतं.

तरीही अभिमतसाठी शेत विकू नका, असंच मी सांगेन. रशियन मनापासून शिकणारी, पहिल्या वर्षापासून एफएमजीईचा अभ्यास धरणारी मुलगी असेल तर बिश्केकला पाठवा. मात्र एजंटला पैसे देण्याआधी, त्या पदवीवर त्याच देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का, ते कागदावर बघून घ्या. त्याशिवाय इथली नोंदणी अडते.