मिरजेतली टीसीडी टेस्ट: टेक्निशियन भारी, बोर्ड मात्र जरा जास्तच बोलतो

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या टेक्निशियन मॅडमचे, उरलेला अर्धा मशीनचा, आणि जे दीड कापलेत ते कशाचे ते खाली सांगतो. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारी पण लिहायच्यात आणि पुढच्या वेळी आईला परत तिथंच न्यायचंय.

तर विषय असा की आईला उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते. वय ६८, बीपीची गोळी चालू. सांगलीत मानेच्या नसांचा डॉपलर, म्हणजे नसेतलं रक्त कसं पळतंय ते बघायची सोनोग्राफी, केला तर डाव्या बाजूला नस थोडी अरुंद निघाली, मग न्यूरोच्या डॉक्टरांनी मिरजेला टीसीडी करून आणा म्हणून चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीवर स्वतः लिहून दिलं की श्वास धरून आणि उभं करून पण बघा. हे शेवटचं वाक्य लई महत्त्वाचं. कारण टीसीडी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर, कवटीच्या बाहेरनं मेंदूच्या नसा बघायची तीच सोनोग्राफी, नुसती झोपवून केली तर फक्त नसांमधनं रक्त किती वेगानं पळतंय तेवढंच कळतं, मेंदू स्वतःचा पुरवठा सांभाळतोय का नाही ते कळायला त्याला थोडा त्रास द्यावा लागतो.

सांभाळतोय म्हणजे काय ते आमच्या तासगावकडच्या द्राक्षवाल्याला एका मिनिटात समजेल. चढ-उताराच्या प्लॉटला आपण ठिबकचे पीसी ड्रिपर टाकतो ना, लाईनमध्ये प्रेशर कमी-जास्त झालं तरी प्रत्येक झाडाला पाणी तेवढंच पडतं, पण त्याला पण हद्द असते, प्रेशर फारच पडलं की वरच्या टोकाची झाडं सुकतात. मेंदूच्या बारीक धमन्या हेच करतात, बीपी पडलं की त्या रुंद होतात, बीपी चढलं की आकसतात, आणि हे काही सेकंदात होतं. मेंदूचं वजन अंगाच्या २ टक्के पण हृदयातनं निघणाऱ्या रक्तातला साधारण १५ टक्के वाटा त्याचा, मिनिटाला ७०० ते ७५० मिली, म्हणजे यात गडबड चालत नाही. लॅसेन नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १९५९ मध्ये याचा आलेख काढला, सरासरी बीपी (वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधलं) ६० ते १५० च्या मध्ये असेल तर पुरवठा सपाट. अजून तोच आलेख सगळीकडं छापतात, पण त्यानं तो वेगवेगळ्या अभ्यासांतल्या वेगवेगळ्या रुग्णांचे आकडे जोडून काढला होता, आणि आता जाणकार म्हणतात की एकेका माणसाचा सपाट पट्टा याच्यापेक्षा बराच अरुंद असतो. आणि ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे त्यांचा पट्टा वरच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं बीपी एकदम खाली आणलं की गरगरतं. आईच्या डॉक्टरांना नेमकी हीच शंका होती.

आता सेंटर. पार्किंग नाही. मिरजेत दवाखान्याच्या रस्त्याला पार्किंग शोधणं म्हणजे काय ते तिथं गेलेल्याला सांगायला नको, गाडी आणण्यापेक्षा वडापनं या. लिफ्ट आहे पण आम्ही गेलो तेव्हा बंद, आणि चक्कर येणाऱ्या पेशंटची टेस्ट दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याला काय म्हणावं. अपॉइंटमेंट दहाची, नंबर लागला साडेअकराला. वेटिंगमध्ये निम्मी माणसं अथणी-चिकोडीकडची, रिसेप्शनवरची पोरगी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सटासट बोलते, ते बघून मात्र बरं वाटलं. बाथरूम स्वच्छ. पाण्याचा जार रिकामा. बास, याच्यावर जास्त लिहित नाही.

खरी गोष्ट आतल्या खोलीतली. मॅडम साधारण तिशीच्या, आल्या आल्या आईला "मावशी" म्हणाल्या, आजी नाही, तिथंच आई खूष. कानाच्या पुढं कपाळाच्या बाजूला जेल लावून प्रोब धरतात, २ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड, सुई नाही, डाय नाही, एक्स-रे नाही. तिथलं हाड पातळ असतं म्हणून आवाज आत जातो, रक्तपेशींवर आपटून परत येतो, आणि परत येताना त्याची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरनं वेग काढतात. कवटीतनं असलं काही होणारच नाही असं आधी मानत होते, १९८२ मध्ये रुने आस्लिड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलं. त्याच्या आधी मेंदूचा रक्तपुरवठा मोजायचा म्हणजे १९४० च्या दशकातली केटी आणि श्मिट यांची पद्धत, माणसाला नायट्रस ऑक्साईड हुंगायला देऊन मानेतल्या शिरेत सुई घालून रक्त काढत बसायचं. हे मॅडमनी नाही सांगितलं, मी घरी येऊन वाचलं.

डावीकडं लगेच सापडलं, ५२ एमएम खोलीवर मेंदूची मधली धमनी, स्पीकरवर तो फुस्स फुस्स आवाज. उजवीकडं मात्र काही केल्या नाही. काही जणांना, त्यातही वयस्कर बायकांना जास्त, तिथलं हाड असं असतं की आवाज आत शिरतच नाही, याला ते विंडो नाही म्हणतात. मॅडमनी वीसेक मिनिटं तरी प्रोब इंच इंच सरकवत, कोन बदलत, आईची कूस बदलत प्रयत्न केला आणि शेवटी सरळ सांगितलं की "उजवीकडचा सिग्नल मिळत नाही, उगाच कायतरी आकडा टाकणार नाही". या एका वाक्याला मी एक स्टार दिलाय. नशीब की अरुंद नस डाव्या बाजूची आहे त्यामुळं आमचं काम झालं. पण बिल दोन्ही बाजूंचं लावलं, आणि काउंटरवर विचारलं तर "पॅकेज आहे सर". अर्धा स्टार तिथं गेला.

मग श्वास धरायचा भाग. याच्यात चाचणीचा सगळा जीव आहे. श्वास धरला की रक्तात कार्बन डायऑक्साईड वाढतो, तो वाढला की मेंदूच्या बारीक धमन्या रुंद होतात आणि पुरवठा वाढतो, कार्बन डायऑक्साईडचा दाब पाऱ्याच्या १ एमएमनं वाढला तर पुरवठा साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. पण ज्या बाजूची मोठी नस आधीच अरुंद आहे तिकडच्या धमन्या आधीपासूनच पूर्ण रुंद होऊन बसलेल्या असू शकतात, त्यांच्याकडं शिल्लक काहीच नाही, मग श्वास धरला तरी वेग वाढत नाही. म्हणजे ही शिल्लक मोजायची टेस्ट. आईला सांगितलं की मोठा श्वास घेऊ नका, नेहमीचा चालू असताना मधेच थांबवा आणि पोटाला जोर लावू नका, कारण छाती फुगवून जोर लावला की बीपी वरखाली होतं आणि आकडा बिघडतो. आई म्हणाली, "अगं पोरी, मी निर्जळी उपास करते, श्वास काय धरायचा त्यात." आणि पहिल्यांदा भस्सकन छाती भरून श्वास घेतला! मॅडम हसल्या, ते रेकॉर्डिंग सोडून दिलं, तीन-चार मिनिटं विश्रांती दिली आणि परत. तीस सेकंद धरायचा असतो पण कमी धरला तरी हिशेब बसतो कारण सेकंदानं भागतातच. आईनं २२ सेकंद धरला, वेग सेकंदाला ४६ वरनं ५५ सेंटिमीटरला गेला, म्हणजे वाढ १९.६ टक्के, भागिले २२, इंडेक्स आला ०.८९. साधारण ०.६९ च्या खाली गेलं तर शिल्लक कमी धरतात. परत एकदा करून घेतलं, जवळपास तेवढंच. जीव भांड्यात पडला.

उभं करायच्या वेळी डोक्याला पट्टा बांधून त्यात प्रोब घट्ट बसवला, दंडाला बीपीचा पट्टा. झोपून १३८/८०, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत ११२/७०. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर बीपी पडतंय असं धरतात, इथं दोन्ही. स्क्रीनवरची वेगाची रेषा पण उभं राहिल्या राहिल्या खाली आली, आई म्हणाली "आली बघ अंधारी", आणि थोड्या वेळानं रेषा बऱ्यापैकी वर सरकली. मॅडमचा एक हात पूर्ण वेळ आईच्या पाठीमागं होता हे मी बघितलं.

आता खटकलेलं. बाहेर बोर्डवर लिहिलंय "मेंदूच्या रक्तप्रवाह नियंत्रणाची संपूर्ण तपासणी". संपूर्ण नाही हो. एक तर टीसीडी वेग मोजते, प्रवाह नाही, नसेचा व्यास तेवढाच राहिला असं गृहीत धरूनच वेगावरनं प्रवाहाचा अंदाज करायचा असतो. दुसरं म्हणजे कार्बन डायऑक्साईडला धमन्या प्रतिसाद देतात का आणि बीपीच्या चढ-उताराला देतात का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यांनी व्यवस्थित मोजली. दुसरी नीट मोजायची तर ठोक्यागणिक बीपी लागतं, त्याला बोटात घालायचा छोटा पट्टा येतो, तो वेगाच्या रेषेबरोबर एकाच वेळी रेकॉर्ड करतात, पेशंटला मिनिटाला सहा या लयीत श्वास घ्यायला लावतात किंवा बसून-उभं करतात, आणि बीपीची लाट मेंदूपर्यंत किती पोचते ते गणितानं काढतात. आस्लिडनं तर १९८९ मध्ये मांडीला पट्टे फुगवून एकदम सोडून हे दाखवलं होतं. यांच्याकडं दंडाचा साधा पट्टा, तो मिनिटाला एकदा बीपी देणार, त्यात काही सेकंदांचा खेळ कुठनं दिसायचा. मॅडमला विचारलं तर त्यांनी लगेच मान्य केलं की बोटाचं मशीन नाही. मग बोर्डवर तसं लिहा की. कपाळावर चिकटवून इन्फ्रारेड उजेडानं मेंदूतला ऑक्सिजन बघायची पण पद्धत असते, हार्टच्या ऑपरेशनला वापरतात, ती पण इथं नाही, असती तर टिकली काढण्यावरनं आईनं वेगळा दंगा केला असता. एमआरआयमध्ये डाय न टोचता रक्तालाच चुंबकानं खूण करून प्रवाह मोजतात ते तर मोठ्या शहरातलं काम.

आणि एक, जो आकडा सगळ्यात जास्त कामाला आला, १३८ चा ११२, तो साध्या बीपी मशीनचा आहे. उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या कुणाचंही झोपवून आणि मग उभं करून बीपी बघणं गावातल्या डॉक्टरकडं पण होतं, त्यासाठी मिरज गाठायची गरज नाही. टीसीडीचा आमचा फायदा झाला तो मानेच्या नसेमुळं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डावीकडं शिल्लक चांगली आहे म्हणाले आणि गोळीचा डोस आणि वेळ बदलून दिली.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, फोटो काढून, वाकडा, आलेख वाचताच येत नाही. छापील कॉपी हट्टानं मागून घ्या. त्यात उभं राहिल्यावरचे आकडे टाकायचेच विसरले होते, मी मॅडमना गाठून हातानं लिहून शिक्का मारून घेतला.

जाणार असाल तर चिठ्ठीवर श्वास आणि उभं राहण्याचं डॉक्टरांकडनं लिहून घ्या, नाहीतर झोपवून दहा मिनिटांत बाहेर काढतील. सकाळी चहा-कॉफी घ्यायची का, बीपीची गोळी घ्यायची का ते फोन करून आधी विचारा, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फी एमआरआयच्या मानानं बरीच कमी. एका बाजूची विंडो मिळाली नाही तर बिल कसं लावणार ते पण आधीच विचारून ठेवा, आणि लिफ्ट चालू आहे का ते सुद्धा.