रिफॅक्टरिंगची साधनं तीन भाषांत वापरून: दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत कांद्याचे लिलाव बंद होते, तेव्हा आम्ही जुना कोड आवरायला घेतला, म्हणजे रिफॅक्टरिंग: काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारायची. अजून आवरतोच आहोत. आम्ही म्हणजे नाशिकला कॉलेज रोडवर बसणारे चौघं, आणि गिऱ्हाईक म्हणजे लासलगाव-पिंपळगावकडचे व्यापारी. शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी आमचं जावा छापतं, मोबाइल अ‍ॅप टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, भाव गोळा करणाऱ्या स्क्रिप्ट पायथनमध्ये. एकच काम तीन भाषांत करून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की साधनाच्या नावापेक्षा भाषा त्या साधनाला किती माहिती पुरवते, ते आधी बघावं.

जावासाठी इंटेलिजे आयडिया हा कोड एडिटर वापरते. पट्टी काढणारी मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) चारशे ओळींच्या पुढे गेली होती. वजन, हमाली, तोलाई, उचल, राउंडिंग, छपाई, सगळा काला. ओळी सिलेक्ट करून कंट्रोल-ऑल्ट-एम दाबलं की त्यांची वेगळी मेथड निघते (एक्स्ट्रॅक्ट), आणि आत काय पाठवायचं आणि परत काय घ्यायचं हे ते स्वतः ठरवतं. पण कपातीच्या ओळींपाशी गाडी अडली. एकाच लूपमध्ये हमालीची बेरीजही बदलत होती आणि शेतकऱ्याची बाकीही, आणि जावाची मेथड परत देते एकच व्हॅल्यू. ही अडवणूक मला फार उपयोगी वाटली, कारण दोन कामं एका लूपमध्ये कोंबलेली आहेत हे त्यातून उघडं पडलं. आधी लूप फोडला, मग दोन्ही मेथड सरळ निघाल्या.

शिफ्ट-एफ6 चं रिनेमही, म्हणजे सगळीकडे एकदम नाव बदलणंही, भरवशाचं. एका जागी मात्र सांभाळा. डेटाबेसशी जोडलेल्या क्लासमध्ये फील्डवर कॉलमचं नाव वेगळं लिहिलेलं नसेल, तर जेपीए (जावाचे क्लास आणि टेबलं जोडणारी व्यवस्था) ते फील्डच्याच नावावरून धरतं. फील्डचं नाव बदललं की कंपायलर खूश, आणि टेबलात त्या नावाचा कॉलमच नाही. त्यामुळे आधी कॉलमचं नाव सांगणारं अ‍ॅनोटेशन लावायचं, मग नाव बदलायचं.

टाइपस्क्रिप्टचं कौतुक थोडक्यात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये एफ2 दाबायचं, झालं. फाइल हलवली तर इम्पोर्टही दुरुस्त करून देतं. मागे भाषेचीच स्वतःची सर्व्हिस काम करत असते, म्हणून अंदाजपंचे कारभार कमी. एनी टाइप, म्हणजे 'काहीही चालेल' असा प्रकार, जिथे सढळ हाताने वापरलाय, तिथे मात्र तीही आंधळी.

पायथनमध्ये घाम निघतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक नोंद डिक्शनरीत, म्हणजे 'हमाली' ही नुसती स्ट्रिंग. तिचं नाव बदलायला गेलं की साधनाच्या दृष्टीने तो मजकूर. पायचार्म (पायथनचा एडिटर) फार तर स्ट्रिंग आणि कॉमेंटमध्ये शोधून यादी पुढे ठेवतं आणि एकेक बघून होकार द्यायचा आपण. आम्ही डिक्शनरी काढून डेटाक्लास केले (नोंदीच्या प्रत्येक भागाला ठरलेलं नाव), फंक्शनना टाइप हिंट लावले (कुठे कोणत्या प्रकारची माहिती येते ते लिहिलं). तेव्हापासून तेच पायचार्म शहाण्यासारखं वागतंय.

यावर 'म्हणजे टाइप नसले की साधन निकामी' असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. रिफॅक्टरिंगचं पहिलं नावाजलेलं साधन, रिफॅक्टरिंग ब्राउझर, 1990 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात तयार झालं ते स्मॉलटॉकसाठी, आणि त्या भाषेत टाइप लिहायचेच नसतात. पण स्मॉलटॉकमध्ये अख्खी चालू सिस्टिम साधनाच्या हातात असते. आमच्या स्क्रिप्टच्या नशिबी ते सुख कुठलं!

अंबड एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोलरचं सी++ लिहिणारा माझा मावसभाऊ हे सगळं ऐकून हसतो. त्याच्याकडे प्रत्येक मॉडेलसाठी इफडेफच्या वेगळ्या फांद्या (अट जुळली तरच बिल्डमध्ये येणारा कोड). क्लँगडी (एडिटरला सी++ समजावून देणारं साधन) त्या वेळच्या बिल्डमध्ये जी फांदी चालू असेल तेवढीच वाचतं. बंद फांदीतलं नाव जुनंच राहतं. तो रिनेमनंतर प्रत्येक मॉडेलचा बिल्ड करून बघतो, आणि त्यात दुपार जाते.

एआयला 'हे नीट करून दे' म्हणायचीही सवय लागलीय सगळ्यांना. पट्टीच्या कोडवर मी ते थांबवलंय. ते कोड नव्याने लिहितं आणि जाता जाता राउंडिंगची ओळही 'सुधारून' ठेवतं. पैशांचा हिशेब असलेल्या फाइलला एक्स्ट्रॅक्ट आणि रिनेमच बरं, दर पावलाला वेगळा कमिट (बदलाची नोंद). या दोन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. खर्च करायचाच असेल तर आधी रॅम वाढवा, कारण मोठा प्रोजेक्ट उघडल्यावर इंडेक्सिंग (सगळ्या कोडची सूची बनवणं) लॅपटॉपला पार दमवतं.