गर्न्सीच्या चाकोऱ्या की मार्टिन्स कोव्ह?

डेन्व्हरहून यलोस्टोनला गाडीने निघालात आणि वायोमिंगमध्ये अर्धा दिवस मोकळा असेल, तर मॉर्मन लोकांचा (हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) पश्चिमेकडचा प्रवास कसा होता हे पाहायला या दोन जागा: गर्न्सी गावाजवळ दगडात पडलेल्या चाकोऱ्या आणि मार्टिन्स कोव्ह ही डोंगरातली खोबण. मी दोन्ही केल्यात.

गर्न्सीत नदीकाठ सोडावा लागे आणि जवळपास सगळ्यांना वालुकाश्माच्या एकाच चढावरून जावं लागे. चाकं आणि खुरं घासून घासून दगड पाच फुटांपर्यंत कापला गेलाय. आत उतरलं की कडा खांद्याशी येते. 1847 ते 1868 दरम्यान सुमारे 70,000 मॉर्मन युटाकडे गेले, ते बहुतेक बैलांच्या गाड्यांच्या तांड्यांतून. गाडीत सामान, माणसं पायी. म्हणजे नेहमीचा प्रवास गर्न्सीच दाखवतं, हे मान्य. (ऑरेगन-कॅलिफोर्नियाला जाणारे लोकही याच चाकोऱ्यांतून गेले.)

पण खटकतं ते असं, की आपली गाडी जवळच लागते. उतरा, थोडं चढा, फोटो काढा, संपलं. तिथं उभं राहून चाकांना काय झालं ते कळतं, पायांना काय झालं ते नाही. माझा निर्णय इथंच झाला.

मार्टिन्स कोव्हला हातगाडी ओढायला मिळते, तीही फुकट. वाळूत चाक रुतलं की दोघांनी जोर लावावा लागतो, आणि वारा समोरून. 1856 साली काही मॉर्मन आयोवा सिटीहून अशाच गाड्या ओढत निघाले. माणशी सामान 17 पौंड, रोजचं पीठ पौंडभर, पुढे तेही कमी. गाड्या घाईत ओल्या लाकडाच्या केलेल्या. कोरड्या हवेत त्या आक्रसल्या, आस वाळूने झिजले, वंगण म्हणून खायची चरबी आणि साबण गेला. निघायलाच उशीर झालेला, बर्फाने गाठलं. मार्टिनच्या तांड्याने याच कोव्हमध्ये आसरा घेतला. मार्टिन आणि विली या दोन तांड्यांतले मिळून 200 हून जास्त लोक दगावले.

हातगाडीवाले एकूण 3,000 च्या आसपास, त्यामुळे हा अपवादच म्हणायचा. शिवाय ही जागा मॉर्मन चर्च चालवतं, तेव्हा हकिगत श्रद्धेच्या अंगाने ऐकायला मिळते. काहींना ते जड जाईल. मला चाललं.

आजी-आजोबा किंवा कडेवरचं मूल बरोबर असेल तर गर्न्सी सोयीचं. एरवी मी कोव्हच सुचवेन: सकाळी लवकर पोहोचा, पाणी भरपूर न्या, टोपी नाडीची घ्या.